हाकेला ओ

॥ श्री ॥

सिरसाळा
९ जुलै २०२३

चि. सौ. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सासूचं पत्र बघून चकित होशील. आपल्या घरात मोबाइलला तोटा नाही, बैठकीत सुपारीच्या तबकापेक्षा मोबाइलच जास्त पडलेले असतात. पण तुझ्याशी मी अबोला धरला आहे. अबोल्यात बोलायचं नसतं, लिहायला कुणी बंदी केलेली नाही. माझे वडील हेडमास्तर होते, अक्षर चांगलं आहे, ते कधीतरी कामी यायला हवं. दर रविवारी हनुमान तुझ्याकडे अंबाजोगाईला येतो, त्याच्याच हाती पत्र देत जाईन. तो उघडून वाचणार नाही. माझ्या वस्तूला हात लावायची हिंमत त्याला लहानपणीही नव्हती, आता तुझा नवरा झाला म्हणून कुठून येणार?

अबोल्याचं कारण तुला माहीत आहे, तरी लेखी असू दे. सुरजला तू पाळणाघरात घातलंस. मला विचारलं नाहीस. मला ते कळलं कसं, तर तुझ्या मामांच्या बैठकीत एका कार्यकर्त्यानं चार माणसांत सांगितलं, की धाकटे मालक अंबाजोगाईत सतरंजीवर बसून ताटलीतली खिचडी खाताना दिसले. हे हसले. मी आत कांदा चिरत होते, सुरी तशीच ठेवून उठले.

सुरज दोन वर्षांचा होऊन गेला आणि अजून बोलत नाही, 'आई' सुद्धा म्हणत नाही, हे तुझं दुखणं मला कळतं. मी काही हातावर हात धरून बसलेले नाही. स्वयंपाकाच्या रुक्मिणीबाईकडून पोपटाचा उष्टा पेरू आणवून त्याला खाऊ घातला. तू डॉक्टरला दाखवलंस, कान आणि जीभ दोन्ही ठीक निघाले. मग घाई कशाची? हनुमान तर चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही आणि अजूनही फारसा बोलत नाही. त्यानं कुणाचं काय अडलं? इथं सुरजनं तांब्याकडं बघितलं की पाणी येतं, दाराकडं बघितलं की उत्तरेश्वर त्याला कडेवर घेऊन गाडीत बसवतो. या घरातल्या पोराला मागायची पाळी येत नाही. ते मागणं तू त्याला शिकवायला निघालीस.

नोकरी सोड, पोराला घेऊन घरी ये. नाहीतर मी अबोला किती दिवस चालवू शकते हे मामांना विचार. लग्नानंतर एकदा त्यांच्याशी धरला होता, तो सत्यशीला पोटात असताना सुरू केला आणि ती चालायला लागल्यावर सोडला.

तब्येतीला जप. तिथं केस मोकळे सोडून कॉलेजला जातेस असं कळलं, तेही जमलं तर बघ.

तुझी सासू,
केसरबाई

॥ श्री ॥

अंबाजोगाई
२३ जुलै २०२३

ती. स्व. आत्याबाईंच्या चरणी,
सायलीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर खरंच मोत्याचं आहे. ते वाचताना आधी आनंद झाला, मग अर्थ लागत गेला.

न विचारता पाळणाघरात घातलं ही माझी चूक, पदर पसरून माफी मागते. पण घातलं का ते ऐका. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला गेले की सुरज दिवसभर एका बाईंपाशी असायचा आणि त्या बाई टीव्हीपाशी. सुट्टीत सिरसाळ्याला आलो की तिथं त्याला काही मागावं लागत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं. म्हणाले, पोर ठणठणीत आहे, त्याला बोलायचं कारण मिळू द्या.

मंगलताईंचं पाळणाघर म्हणजे दोन खोल्या आणि बदामाचं झाड असलेलं अंगण. तिथला रिवाज एकच आहे. हाक कुणीही मारो, पोरानं मारो की मोठ्यानं, ज्याला मारली त्यानं ओ द्यायचाच. हात कणकेत असले तरी ओ द्यायचा, रागावलेला असला तरी द्यायचा. पोरानं नुसतं बोट दाखवलं तर ताई ते बोट धरून विचारतात, काय हवं, पेला की चेंडू? आणि मग थांबतात. थांबणं मला कधी जमलं नव्हतं, आत्याबाई. मी तोंडातून शब्द निघायच्या आत वस्तू हातात देत होते, कारण तो रडलेला मला बघवत नव्हता. पोरं मात्र एकमेकांना काही आयतं देत नाहीत. पत्र्याच्या गाडीवरून भांडतात, आणि भांडायला शब्द लागतात.

तिथं अभिमन्यू म्हणून एक तीन वर्षांचा आहे. त्याचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नसेल. सुरज आल्यापासून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. गेल्या गुरुवारी अभिमन्यू दाराआड लपला आणि त्यानं सुरज्या म्हणून हाक मारली, आणि आपला सुरज 'ओ' म्हणाला. मग मंगलताईंनी हाक मारली, त्यालाही ओ. मग सगळ्यांनी मारली. ताईंनी मला कॉलेजात फोन केला. मी प्रॅक्टिकल घेत होते, पोरींच्या समोरच रडले.

तुम्ही एकदा या. माझ्याशी बोलू नका, हवं तर माझ्याकडे पाठ करून बसा. पण सुरजला हाक मारून बघा.

मामांना नमस्कार. केस बांधूनच जाते, त्या दिवशी नुकते धुतले होते.

तुमची सून,
सायली

॥ श्री ॥

सिरसाळा
२७ ऑगस्ट २०२३

चि. सौ. सत्यशीलास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या नांदूरघाटच्या घरात फोन स्पीकरवर ठेवून सगळं खटलं ऐकतं, म्हणून पोटच्या पोरीला पत्र लिहिते. वाचून फाडून टाक.

तुझ्या भावजयीचं ते पाळणाघर काल बघून आले. कळवलं नव्हतं. उत्तरेश्वरला सांगितलं, गाडी बाहेर लाव. त्या मंगलनं मला खुर्ची दिली, चहा दिला, आव असा की तीच घरधनीण. पोरं सतरंजीवर. आपला सुरज एका पोराच्या मांडीला मांडी लावून. मी विचारलं हे कुणाचं, तेवढ्यात आतून खिचडीचं पातेलं घेऊन सरस्वतीबाई आली. ओळखलीस का? आपल्या वावरात खुरपायला यायची ती. तिचा आसाराम बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो आणि पोरगं म्हातारीपाशी टाकून जातो. तो अभिमन्यू. सरस्वतीबाईनं मला बघून पातेलं खाली ठेवलं आणि वाकून नमस्कार केला, तिला अजून पायरी कळते. पण नातू बसलेलाच राहिला, आणि माझा नातू त्याच्या शेजारी.

आता मुख्य ते सांगते. सुरज बोलतो. पाणी मागतो, गाडी मागतो, 'दे की' म्हणतो, 'न्हाई' म्हणतो, 'आमी' म्हणतो. मला बघून उठला, माझा पदर धरला आणि म्हणाला, आज्जे, बस की. सगळ्या बाया कौतुकानं हसल्या. सत्यशीला, तुझ्यापासून काय लपवू, क्षणभर माझा जीव सुपाएवढा झाला. त्याला उचलून घ्यावं, पटापट मुके घ्यावेत असं वाटलं. मग लक्षात आलं की माझ्या नातवानं जन्मात पहिल्यांदा मला हाक मारली ती आसारामच्या पोराच्या तोंडानं. माझ्या वडिलांच्या शाळेत असं बोलणाऱ्याला पट्टी मिळायची. मी चहा तसाच ठेवून उठले.

तर माझं ठरलं आहे. दिवाळीला सुरजला आठ दिवसांसाठी आणायचं आणि परत पाठवायचं नाही. यांचा होकार आहे. त्यांना तसाही तो सत्काराच्या वेळी शेजारच्या खुर्चीत हवा असतो, टोपी घालून. हनुमानाला विचारलं नाही. तो हो म्हणेल, विचारून उगाच त्याला त्रास कशाला? सायली रडेल आणि मग नोकरी सोडून येईल. आईला पोरामागून यावंच लागतं.

तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? नाटकी आहेत, पण विचारल्याचं सांग.

तुझी आई

॥ श्री ॥

नांदूरघाट
३ सप्टेंबर २०२३

ती. आईस,
सत्यशीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र फाडलं. फाडायच्या आधी दोनदा वाचलं आणि जेवण गेलं नाही.

आई, तू हुशार आहेस, तुझ्यापुढं अण्णांची डाळ शिजत नाही तर माझी काय शिजणार? पण एवढं ऐक. पोर बोलायला लागलंय ना? मग कुणाच्या तोंडचं का असेना. भाषा पुढं शाळेत सुधारते. मी लहानपणी काय कमी गावठी बोलत होते? तुला आठवत असेल, दहावीच्या सुट्टीत मी मैत्रिणीकडं न सांगता राहिले म्हणून तू माझ्याशी अबोला धरलास. सगळ्या घराला धरायला लावलास. मी जेवायला वाढा म्हटलं की ताट यायचं, पण माझ्याकडं कुणी बघायचं नाही. मी गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलायचे. तेव्हा मी सोळा वर्षांची घोडी होते, तरी मला वाटायला लागलं होतं की माझा आवाजच फुटत नाही.

सुरजला दिवाळीला जरूर आण. लाड कर, फटाके दाखव. पण भाऊबीज झाली की परत पाठव. सायली वाईट नाही. तुझ्यासारखीच हट्टी आहे, म्हणून तुला खुपते.

सासूबाईंना तुझा निरोप सांगितला. गुडघे जास्तच दुखायला लागले.

तुझी,
सत्यशीला

॥ श्री ॥

अंबाजोगाई
३ डिसेंबर २०२३

ती. स्व. आत्याबाईंच्या चरणी,
सायलीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दिवाळी होऊन किती दिवस झाले, तुळशीचं लग्नही लागलं. सुरज आला नाही. ह्यांना विचारलं की हे म्हणतात आईला विचार. तुम्हाला फोन केला की तुम्ही कट करता. मामांना केला, ते म्हणाले की पोर घरी आहे, पोलिसात जाण्यासारखं काय झालंय, आणि गेलीस तरी ठाण्यात चहा आपलाच असतो. त्यांनी हे हसत सांगितलं.

गेल्या रविवारी मी स्वतः आले. उत्तरेश्वर म्हणाला, धाकटे मालक मळ्यात गेलेत. मी ओसरीवर बसून राहिले. रुक्मिणीबाईनं चहा दिला, पण माझ्याकडं बघितलं नाही. काही विचारलं तर उत्तरही दिलं नाही, नुसती मान खाली. दिवस मावळला तरी कुणी मळ्यातून आलं नाही. शेवटच्या एसटीनं परत आले.

तुमच्या मनासारखं काय करू सांगा. चार माणसांत पाया पडते. दर शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारी पहाटे निघत जाईन. पाळणाघर बदला म्हणालात तर बदलेन. नोकरी सोडायचाही विचार करते आहे, अर्ज लिहून ठेवलाय. फक्त हे वर्ष संपू द्या, मुलींची परीक्षा आहे.

आणि तोपर्यंत एवढं एकच मागते. सुरजनं हाक मारली की कुणीतरी ओ द्या. तो इथून गेला तेव्हा दिवसभर बडबडत होता. सकाळी उठल्यावर आधी मला हाक मारायचा, मग अभ्याला, मग झाडाला. झाडाच्या वतीनं मी ओ द्यायचे. हे बोलणं अजून कोवळं आहे, आत्याबाई. उत्तर आलं नाही तर तो ते ठेवून देईल. मला शिव्या घाला, काही म्हणा, पण त्याला कुणी ओ देतं का, एवढं फक्त कळवा.

तुमची सून,
सायली

॥ श्री ॥

सिरसाळा
१० डिसेंबर २०२३

चि. सौ. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ओ देतं का, असं विचारलंस. नाही देत.

तुला वाईट वाटेल म्हणून सविस्तर लिहिते, म्हणजे मनात शंका राहायला नको. तो आला त्याच दिवशी ओसरीत उभा राहून ओरडला, आज्जे, पानी दे की. बैठकीत माणसं बसलेली. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, की या भाषेला जो उत्तर देईल त्यानं उद्यापासून कामाला यायचं नाही. पोराला काही कमी पडू द्यायचं नाही. दूध, पाणी, खाऊ सगळं त्यानं मागायच्या आधी समोर ठेवायचं, आपल्या घरात ठेवतात तसं. पण तो बोलला की दुसरीकडं बघायचं. अबोला मोठ्यांशीच धरतात असं कुठं लिहिलंय?

सुरुवातीला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. रुक्मिणीबाईला हाका मारायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता डोळे पुसायची. तिला म्हटलं, एक काहीतरी कर, रड नाहीतर लाट. मग तो एकेकाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवायला लागला. त्यातही उत्तरेश्वर कच्चा निघाला, त्याला घरात यायची बंदी केली. माझी हनुवटी धरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सोपं होतं असं समजू नकोस.

आता बघशील तर ओळखणार नाहीस. सकाळी मी पेपर वाचते तेव्हा शेजारी बसतो. माझ्या वडिलांच्या शाळेत पोरं बसायची तसा, हाताची घडी, तोंडावर बोट. एकदा दाखवलं तर शिकला. अंगात हुशारी आहेच. यांच्याकडं येणारी माणसं म्हणतात, काय वळण आहे पोराला, हूं नाही की चूं नाही. जेव्हा बोलेल तेव्हा शुद्ध बोलेल, आणि कुणी पुकारलं तर 'जी' म्हणेल. आसारामच्या पोराचं बोलणं बोलण्यापेक्षा मुका बरा.

तू रविवारी आलीस ते मी गच्चीवरून बघत होते. सुरज माझ्यापाशीच होता, मळ्यात नव्हता. वाळली आहेस. अबोला असल्यामुळं वर बोलावता आलं नाही. त्यानंही तुला बघितलं, पण आवाज केला नाही, म्हणून त्याला पेढा दिला.

अर्ज लिहून ठेवलाय म्हणतेस, तो लवकर दे. लिहिलेल्या कागदाला वाळवी लागते.

तुझी सासू,
केसरबाई

॥ श्री ॥

नांदूरघाट
७ जानेवारी २०२४

चि. सौ. सायलीस,
सत्यशीलाचे आशीर्वाद.

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, लातूरला ऑपरेशन झालं, एवढं हनुमाननं तुला फोनवर सांगितलं असेल. कसं पडली ते त्यानं सांगितलं नसणार. मलाही फोनवर सांगवणार नाही, मध्येच रडू येईल आणि इकडं सगळे कान टवकारून बसलेत. म्हणून लिहून आमच्या ड्रायव्हरच्या हाती देते. तो तिथंच थांबेल.

शुक्रवारी घरातले सगळे परळीला लग्नाला गेले होते. आई आणि सुरज दोघंच. रुक्मिणीबाई दळण घेऊन गिरणीत गेलेली. आई न्हाणीघरात साबणावरून घसरली, उठता येईना. उत्तरेश्वर पुढच्या अंगणात पाण्याची मोटार लावून गाडी धूत होता, त्या आवाजात आईचा आवाज जाईना. सुरज दाराशीच होता. ओसरीपर्यंत जाऊन त्यानं एक हाक मारली असती तर झालं असतं. पूर्वी तो उत्तरेश्वरला नावानं केवढ्यानं हाका मारायचा, तूच सांगायचीस.

आईनं त्याला सांगितलं, हाक मार. त्यानं तिच्याकडं बघितलं, ओल्या उंबऱ्यावर बसला, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. आईनं गोंजारलं, विनवलं, शेवटी रागावली. ती जितकी रागावली तितका तो ताठ बसला. तिला वाटलं त्याला कळत नाही. मग त्याचे डोळे बघितले आणि कळलं की त्याला सगळं कळतंय. रागावणं थांबावं म्हणून तो तिनं शिकवलेलं जास्त नीट करत होता. रुक्मिणीबाई दळण घेऊन आली तेव्हा दोघं तशीच होती. आई थंड फरशीवर, आणि सुरज उंबऱ्यावर, चड्डी ओली, बोट ओठांवर.

हे मला आईनं स्वतः सांगितलं, ऑपरेशनला आत नेण्याआधी. रडली नाही. पाणी मागितलं आणि पेला हातात धरून बसली, प्यायली नाही. मग म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी सांगते आहे.

सगळे लातूरला आहेत. सुरजला मी इकडं नांदूरघाटला आणलंय. आजच ये, याच गाडीत बस, आणि त्याला घेऊन जा. कुणाला विचारू नकोस, हनुमानला तर मुळीच नाही. आई माझ्याशी अबोला धरेल. धरू दे, मला सवय आहे.

येताना त्याची पत्र्याची गाडी आण. आमच्या पोरांची खेळणी तो घेत नाही, समोर ठेवली की फक्त बघतो.

तुझी ताई,
सत्यशीला

॥ श्री ॥

सिरसाळा
२१ जानेवारी २०२४

चि. सौ. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे. पडल्या पडल्या लिहिते, अक्षर बिघडलं आहे, हसू नकोस.

सुरजला तू नेलंस ते लातूरहून आल्यावर कळलं. यांनी माणसं पाठवतो म्हटलं, मी नको म्हटलं. त्याचं श्रेय मला देऊ नकोस, मला नुसता गोंधळ नको होता. डॉक्टर म्हणतात चालायला उन्हाळा उजाडेल. मला मागच्या खोलीत ठेवलं आहे. पुढं माणसांची ये-जा असते, बरं दिसत नाही, असं हे म्हणाले. तिथून हाक मारली तर स्वयंपाकघरात ऐकू जायला हवी. रुक्मिणीबाई म्हणते, ऐकू आलं न्हाई. खोटं बोलते. ताट वेळेवर येतं, पाणी उशाशी असतं, गोळ्या न चुकता मिळतात. मला तक्रार करायला कुणी जागा ठेवलेली नाही. हनुमान सकाळी दारात उभा राहतो, बरं आहे का विचारतो आणि मी सांगायच्या आत जातो. ओ मात्र कुणी देत नाही. मीच घराला लावलेली सवय, आता मोडू म्हटलं तर माझं ऐकणार कोण?

मी तुझ्याशी धरलेला अबोला सोडते आहे. यांच्यापुढंही मी तो आपण होऊन कधी सोडला नव्हता, पोरगी चालायला लागली म्हणून सोडला. तुझ्यासाठी सोडते, याची किंमत तुला कळावी.

एकच मागणं आहे. फोन केला की उचल आणि सुरजच्या कानाला लाव. मला फक्त त्याचं 'आज्जे' ऐकायचं आहे. तसंच म्हणू दे, गावठी. मी काही म्हणणार नाही. त्या दिवशी पाळणाघरात मी उठून आले नसते तर तो आणखी काय म्हणाला असता, याचा विचार इथं पडल्या पडल्या करते. बस की म्हणाला होता, सायली. मी बसले नाही.

तिळगूळ घे आणि गोड बोल.

तुझी सासू,
केसरबाई

॥ श्री ॥

अंबाजोगाई
२८ जानेवारी २०२४

ती. स्व. आत्याबाईंच्या चरणी,
सायलीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तिळगूळ मिळाला. सुरजनं दोन लाडू खाल्ले. मागितले नाहीत, समोर ठेवले म्हणून खाल्ले. तुमच्याकडून आल्यापासून तो काहीच मागत नाही. तहान लागली तर तांब्यासमोर जाऊन बसतो आणि वाट बघतो. मंगलताईंनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. सरस्वतीबाई स्वयंपाक सोडून त्याच्यापाशी येऊन बसते, त्याचं बोट हळूच ओठावरून काढते. तिनं हात सोडला की बोट पुन्हा जागेवर. तिनं तुम्हाला एकही वाकडा शब्द म्हटला नाही, ते काम मी करते. रोज रात्री त्याला थोपटताना मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलते, ते लिहायला माझं अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही.

गुरुवारी तुमचा फोन आला तेव्हा मी त्याला घ्यायला पाळणाघरात आले होते. तुम्ही सांगितलं होतं, म्हणून उचलला आणि त्याच्या कानाला लावला. तुम्ही हाक मारलीत. त्यानं आवाज ओळखला. हातातली गाडी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसला, हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. तुम्हाला ते दिसलं नाही, म्हणून कळवते.

तुम्ही हाका मारत राहिलात. मी शेजारीच होते. त्याचं बोट मी काढू शकले असते. निदान तुम्हाला सांगू शकले असते, की तो ऐकतोय. मी काहीच केलं नाही. तुमचा आवाज बसत गेला, मग तुम्ही नुसतं बाळा बाळा करत होतात, मग रडलात. सगळं ऐकलं आणि फोन त्याच्या कानाला तसाच धरून ठेवला. मला दया येईल अशी मी वाट बघितली, आली नाही. ओसरीवर दिवस मावळेपर्यंत बसले होते, बहुतेक तिथंच राहिली असेल.

तेवढ्यात अंगणातून अभिमन्यूनं हाक मारली, सुरज्या म्हणून. सुरजनं ओठावरचं बोट काढलं, माझ्या हातातला फोन ढकलून खाली पाडला आणि 'ओ' म्हणून पळत गेला. परत आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. फोन चालूच होता. तुम्हीही ऐकला असेल.

पुन्हा फोन करू नका. तो तुमचा आवाज ऐकून बोट ठेवतो, आणि ते काढायला आम्हाला तीन आठवडे लागले. अबोला तुम्ही सोडलात, तो मी उचलला आहे. तुमच्याच रीतीनं, म्हणजे काही कमी पडू देणार नाही. औषधाला पैसे लागले तर कळवा, सत्यशीलाताईंच्या हाती ज्वारीचं पीठ आणि लोणचं पाठवते, वाढदिवसाला सुरजचा फोटो येईल. माझा राजीनाम्याचा अर्ज फाडला, वाळवी लागायच्या आत.

पत्र घेऊन जायला तुमचे चिरंजीव दारात उभे आहेत. आत या म्हटलं तर काही बोलले नाहीत.

नमस्कार स्वीकारावा. आशीर्वाद असू द्यावेत, ते लिहूनच पाठवावेत.

तुमची सून,
सायली